मोमोवालीचा ववसा

बाजरीच्या भाकरीला तीळ कमी पडले म्हणून एका नेपाळी बाईनं मला माझ्याच चुलीपुढं झापलंय, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पण झापलंय. भोगीचा दिवस होता. मी तव्यावर भाकरी टाकली आणि ही दारात छत्री टेकवून उभी. वाकून तव्यात बघितलं नि म्हणाली, "ताई, तीळ मोजून लावलं का काय? आन तुमी म्हनं मऱ्हाटी!"

मी उलथणं उगारलं. ती काही हसली नाही. तिला हसवणं म्हणजे महाकठीण काम. सरळ आत आली, माझ्या परातीतली भाकरी आपल्या तळव्यावर घेतली, मूठभर तीळ त्यावर असे दाबले की पीठ दिसेना, आणि पुन्हा माझ्या हातात दिली. मग भाजीच्या पातेल्यावरचं झाकण काढून बोटानं मोजायला लागली. पावटा, घेवडा, वांगं, गाजर, वाटाणा. "बोरं कुठं हायत? हरभरा कुठं हाय?" मी म्हटलं, बाई गं, बोरं आणायला वेळ नाही झाला. तर ती तशीच बाहेर गेली आणि ओच्यात बोरं घेऊन आली. कुणाच्या बोरीची, देव जाणे.

गाव तिला मोमोवाली म्हणायचं. कापूरहोळच्या फाट्यावर तिची मोमोची गाडी होती. नवरा तिथल्याच एका ढाब्यावर आचारी. तो पुढं मलेशियाला कामाला गेला आणि ही आमच्या भोंगवलीत, आमच्याच गोठ्यामागच्या खोलीत भाड्यानं राहिली. पोरबाळ नव्हतं. दुपारी वडापच्या जीपमध्ये पातेली घालून फाट्यावर जायची, रात्रीची परत यायची. पुढं हायवेचं काम निघालं, गाड्या उठल्या, तशी तीही गेली. आता त्या खोलीत आम्ही कडबाकुट्टीचं मशीन ठेवलंय.

मराठी ती गावात शिकली, म्हणून बोलायची पण गावासारखं. मी बारावी झालेली, भोरच्या कॉलेजात दोन वर्षं एसटीनं गेलेली. माझ्यापेक्षा तिची भाषा गावरान. एकच गोष्ट तिच्या डोक्यात कुणी पक्की बसवली होती, की मराठीत कुणाला अरे-तुरे करायचं नाही. त्यामुळं ती म्हशीलासुद्धा अहो-जाहो करायची. "अवो, सरका की जरा. पाय काडा." आणि आमची ती मारकी म्हैस, जी माझ्या नवऱ्याला दोनदा आडवं करून बसली होती, ती मुकाट्यानं पाय काढायची. आमचे हे म्हणायचे, "मीही उद्यापासून हिला अहो म्हणतो."

छत्री बारा महिने हातात. उन्हात उघडायची नाही, पावसात नाही, नुसती हातात. कुणाच्याही रानात शिरायची, ज्वारीचं कणीस छत्रीच्या आकड्यानं खाली ओढायची, चार दाणे चावायची आणि बांधावरच्या मालकाला निकाल द्यायची. "अजून दूद हाय. आट दिस थांबा." मालक चिडायचा. बापजाद्यापासून ज्वारी करणारा माणूस, त्याला ही मोमोवाली शिकवणार! पण थांबायचा आठ दिवस. मी डोळ्यांनी बघितलंय.

भाताची काढणी झाली की नसरापूरला जाऊन वेल्ह्याची एसटी पकडायची. तिकडच्या एका घराकडून नवा तांदूळ आणायची, स्वतः डोक्यावर गोणी घेऊन. मी म्हटलं, तांदूळ काय इथं मिळत नाही? तर म्हणाली, "तिकडचं डोंगर आमच्यावानी हायत, ताई. तिकडं गेलं की माहेरी गेल्यावानी वाटतंय. निस्तं कुणी वळखत न्हाई, येवडंच." मग आल्या आल्या तो भात शिजवून, पहिला घास गोठ्यातल्या म्हशीला, दुसरा आमच्या आत्याबाईंना, आणि मग बाकीच्यांनी मागं उभं राहायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

पण तिचा खरा सण संक्रांत. काय वेड होतं तिला त्या संक्रांतीचं! आमच्याकडं संक्रांतीला सवाष्णी ववसायला जातात. पाच सुगडं, म्हणजे मातीची छोटी बोळकी आणायची, त्यात गाजर, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचं कणीस, गव्हाची ओंबी, असं रानात जे नवं आलंय ते भरायचं, आणि देवीच्या देवळात जायचं. तिथं एकमेकींना हळदकुंकू लावायचं, सुगडातलं एकमेकींच्या ओटीत घालायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं. जिचा नवरा आहे तिचा हा सण. जिचा गेला, ती घरात.

आम्ही सुगडं आणतो ती दिसेल त्या हातगाडीवरनं. ही नसरापूरच्या बाजारात जाऊन एकेक बोळकं नखानं वाजवून कानाशी धरायची. कुंभारीण वैतागायची, "अगं बाई, त्यात गाजरं भरायचीत का पाणी?" आणि भरण्याचा तिचा नियम तर तिचा तिनंच काढलेला. एका घरचं सगळं चालत नाही म्हणे. गाजर एका घरचं, ऊस दुसऱ्या, घाटे तिसऱ्या, असं प्रत्येक वस्तूला वेगळं घर. म्हणून भोगीच्या दिवशी ती आख्खं गाव पालथं घालायची. गाडी बंद. सकाळपासून छत्री आणि टोपली. आणि गावही असं खुळं, की तिची वाट बघायचं. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "आमच्या वाटणीला आवंदा कणीस आलंय, चांगलं भरलेलं ठेवलंय मोमोवालीला." तिला ते द्यायला मिळणं म्हणजे मान झाला होता.

एकदा मी तिला विचारलं. शेंगा फोडत बसलो होतो. म्हटलं, तुमच्या नेपाळात दसरा केवढा मोठा असतो म्हणतात, तो करत नाहीस, आणि आमच्या संक्रांतीला का गं एवढी मरतेस?

ती शेंगा फोडायची थांबली. "दसऱ्याला आमच्यात थोरल्या मानसानं कपाळाला टिका लावायचा असतोय, ताई. हितं माजं थोरलं कोन हाय? भिताडाकडनं लावून घिऊ? संक्रांतीला काय लागतंय? गाजर, ऊस, कनीस. ते रानात हाय. रानाला कुटं ठावं हाय, कोन कुटनं आलंय."

"आणि आम्हाला ठावं आहे म्हणून?"

"त्या दिवशी तुमीबी इसरता," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण खरं होतं ते. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस आम्ही तिला मोमोवालीच म्हणत होतो.

देवळात नाव घ्यायला तिला उभं केलं की बायका आधीच हसायला लागायच्या. नवऱ्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ती उभी राहायची ताठ, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी, आणि म्हणायची:

"कापूरहोळच्या फाट्यावर मोमोला आली वाफ,
अमुकरावांचं नाव घेते, मराठी चुकलं तर करा माफ."

दर वर्षी हेच. तरी दर वर्षी आम्ही पोट धरून हसायचो आणि पुन्हा म्हणायला लावायचो. मग मी तिला कुंकू लावायची, ती मला. तिचा हात जड होता. चांगलं ठसठशीत लावायची.

आता पुढच्या एका भोगीचं सांगते.

दुपारची वेळ. मोमोवाली टोपली घेऊन गावात फिरत होती. दारात एक नेपाळी माणूस आला, तिशीचा असेल, पाठीला पिशवी. तिचा दीर निघाला. गोव्याला हॉटेलात कामाला चालला होता, वाटेत भावजयीला भेटून जावं म्हणून उतरलेला. मी चहा टाकला. बोलायचं म्हणून माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "भाईसाहब कैसे हैं? मलेशिया में मन लगा?"

त्यानं कप खाली ठेवला. "कौन, भैया? वो तो गुजर गए, दीदी. चार साल हो गए. भाभी ने बताया नहीं?"

माझ्या हातातली चहाची गाळणी तशीच. मला वाटलं हिंदी मला नीट कळलं नसेल. पुन्हा विचारलं. तर त्यानं सगळं सांगितलं. मलेशियात कारखान्यात काहीतरी झालं. पेटी गावी आली. भाभी येऊन सगळं करून गेली. महिनाभर होती.

महिनाभर! मला धाडकन आठवलं. चार वर्षांमागं ती महिनाभर गावी गेली होती, "सासू आजारी हाय" म्हणून. परत आली ती हाडाची काडी होऊन, पण हातभर लाल बांगड्या आणि भांगात शेंदूर. मी म्हटलं होतं, अगो बाई, सासरचं पाणी मानवलं नाही वाटतं! आणि ती म्हणाली होती, "व्हय ताई."

दीर तूप आणि तिळाची पुडी ठेवून गेला, जाता जाता गावात भेटतो तिला म्हणाला. मी मटकन ओट्यावरच बसले. चार संक्रांती! चार वर्षं ही विधवा बाई माझ्या कपाळाला कुंकू लावत होती, माझ्या ओटीत घालत होती, आणि गेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन आख्ख्या गावाला हसवत होती. आणि माझ्या नवऱ्याचा दोन वर्षांमागं ट्रॅक्टर उलटून पाय मोडला, तो काय उगाच? डोक्यात असं काहीबाही यायला लागलं. शिकलेली आहे मी, पण आलं. मला तिचा इतका राग आला की तिची खोली उघडून सामान बाहेर फेकावं असं वाटलं.

तशीच उठले आणि मागच्या पडवीत गेले. तिथं आत्याबाई सांडगे घालत बसल्या होत्या. मामंजी गेले तेही त्याच वर्षी, मोमोवाली गावाला गेली त्याच्या दोन महिने आधी. तेव्हापासून संक्रांतीला आत्याबाई पुढच्या दारी येत नाहीत. कुणी सांगितलं नाही त्यांना, आणि कुणी या असंही म्हटलं नाही. त्या आपणहून मागं बसतात, बायका येऊन गेल्या की मग पुढं.

"आत्याबाई, ऐकलं का? त्या मोमोवालीचा नवरा मेलाय! चार वर्षं झाली! आपल्याला फसवलं तिनं!"

त्यांनी मान वर केली नाही. "वरडू नगंस. मला ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"आली तवाच सांगितलं तिनं मला. हितंच बसून. मीच म्हनलं, कुनाला सांगू नगंस म्हून."

मला वाटलं माझ्या कानात काही झालंय. या आत्याबाई! ज्यांनी मला पहिल्या वर्षी बांगडी फुटली तर फुटली नाही, वाढवली म्हणायचं म्हणून दटावलं होतं, त्या! "तुम्ही? अहो, तिच्या हातचं कुंकू मी चार वर्षं... आणि यांचा पाय..."

"त्येचा पाय मोडला कारन त्यो मोबाईलवर बोलत ट्रॅक्टर चालवीत हुता." आता त्यांनी वर बघितलं. "माझं मानूस हितं गावात ग्येलं. सगळ्यांनी खांदा दिला. मला लपवायला जागाच न्हवती. तिचं लांब ग्येलं. तिला जागा हुती. म्हनलं, एकीला तरी बसू दे देवळात."

चार वर्षं मी सुगडं घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडत होते. मागं बसून त्या काय करत असतील, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्याचा धक्का मला त्या मेलेल्या माणसापेक्षा जास्त बसला.

"सांगनार का आता गावाला?" त्यांनी विचारलं.

मी तशीच पुढं निघून आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी मोमोवाली दारात. नवं लुगडं, पाच सुगडं ताटात, सगळी भरलेली. एरवी ती विचारल्याशिवाय आत येऊन चूलसुद्धा फुंकायची. आज उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दीर तिला भेटला होता, तिला माहीत होतं मला कळलंय ते. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "लावता का, ताई?"

मला नाही म्हणायचं होतं. कुंकवाच्या करंड्यात बोट गेलं तेव्हासुद्धा नाहीच म्हणायचं होतं. पण तिच्या कपाळावर कालच्या कुंकवाची खूणही नव्हती. धुऊन, पुसून, कोरं कपाळ घेऊन आली होती ती, मी लावते का नाही ते बघायला. मी लावलं. थोडं नाकावर सांडलं.

मग काय अंगात आलं कोण जाणे. तसाच करंडा घेऊन मागं गेले, आत्याबाईंपुढं धरला. म्हटलं, तिला चालतं तर तुम्हाला का नाही?

आत्याबाईंनी माझा हात बाजूला केला. रागानं नाही. "मला नगं गं. माझं सगळ्या गावाला ठावं हाय."

मोमोवाली उंबऱ्यातनं ऐकत होती. सुगडांचं ताट सावरून ती वळली. आम्ही दोघी देवळात गेलो.

देवळात नेहमीसारखी गर्दी. कुंकू लावून झालं, ओट्या भरल्या, आणि बायकांनी हाका सुरू केल्या, "मोमोवाली, नाव घे! वाफ काढ!" ती उभी राहिली ताठ. सगळ्या हसायच्या तयारीत.

"माजा नवरा मेलाय," ती म्हणाली. "चार वर्सं झाली. म्या लपवलं. हितल्या कुनालाच ठावं न्हवतं."

दोघी-तिघी खरंच हसल्या, त्यांना वाटलं उखाण्याची सुरुवात आहे. मग हसणं थांबलं. काकू, ज्या दर वर्षी भरलेलं कणीस राखून ठेवायच्या, त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि तिनं लावलेलं कुंकू खसाखसा पुसून काढलं. त्यांचं बघून दुसरीनं पुसलं. कुणीतरी ओटीतलं गाजर काढून पायरीवर ठेवलं. मग काकू माझ्याकडं वळल्या. "तुमच्यातच राहती की गं ही! तुला ठावं न्हवतं?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तीही.

"न्हाई गं बाई," मी म्हणाले. "मला काय ठावं?"

मोमोवालीनं मान डोलावली, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं. पाची सुगडं ताटात नीट लावली, पायरीवरचं गाजर उचलून त्यात ठेवलं, आणि गेली. आणि मी? मी तिथंच थांबले. राहिलेल्या बायकांना हळदकुंकू लावलं. नवऱ्याचं नाव घेतलं. माझा ववसा मी पुरा केला.

घरी आले तर मागच्या पडवीत दोघी. पाची सुगडं सांडगे वाळत घातलेल्या पाटाशेजारी ओळीनं मांडलेली. आत्याबाई तिला शिव्या घालत होत्या. अशा शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. "मूर्ख! येडी! कुनी सांगितलं हुतं तुला तोंड उचकटायला? चांगली बसली हुतीस की देवळात!" आणि शिव्या घालता घालता हरभऱ्याचे घाटे सोलून तिच्या हातावर ठेवत होत्या. ती खात होती. कपाळ तिनं पुसलेलं होतं.

मला बघून आत्याबाई थांबल्या. "बायकांनी लई तोडलं का गं हिला?"

मी त्या सुगडांकडं बघत उभी. मोमोवालीच म्हणाली, "ताई बोलल्या की माज्या बाजूनं. लई बोलल्या, आजी. भांडल्या सगळ्यांशी."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. जरा सरकल्या, पाटाशेजारी माझ्यासाठी जागा केली, आणि सोललेले चार घाटे माझ्या हातावर ठेवले.

मी बसले, आणि ते खाल्ले.